देवीला कांदा कुणी हुंगवत नाही

"घरच्या पाण्यात पाय बुडवायला टाइम न्हाई कुणाला, आन् इमानात बसून परक्या पाण्यात बुड्या मारायला निघाल्यात," सरूबाई पुटपुटली.

अगदी भागूच्या कानापाशी पुटपुटली. शेततळ्याच्या बांधावर दोघी विहिणी एकाच रिकाम्या बारदानावर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, त्यामुळे ऐकू न आल्याचं सोंग करायलाही जागा नव्हती. भागूनं नुसतं "हं" केलं. हे "हं" तिनं पंचवीस वर्षं वापरून वापरून गुळगुळीत केलेलं होतं. त्यात होकार बसायचा, नकार बसायचा, आणि 'मला मधे ओढू नका' हेही बसायचं.

समोर तळ्यात सरूबाईचा एकुलता एक सार्थक दोराला धरून प्लास्टिकच्या उतारावर पाय रोवायची खटपट करत होता. कपाळावर काचेचा मोठा चष्मा, कानाजवळून वर गेलेली नारिंगी नळी, पायात बदकासारखे रबरी पंजे. चाकणला कंपनीत क्वालिटी तपासायच्या कामावर होता तो. घरीही प्रत्येक गोष्ट तपासूनच घ्यायचा. परवा नवराबायको अंदमानला निघणार होते. पाच दिवस, त्यातल्या तिसऱ्या दिवशी समुद्रात बारा मीटर खाली, पाठीवर हवेची टाकी बांधून. त्याआधी तोंडानं श्वास घ्यायची सवय हवी, असं त्यानं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणून पेठच्या रानातल्या या तळ्यात, जिथं एरवी बटाट्याच्या पाण्यासाठी मोटर चालते, तिथं ही रंगीत तालीम.

"आत्या, बघा हां!" तो ओरडला, नळी तोंडात धरली आणि पाण्यात पालथा झाला. नळीतून फुर्र फुर्र आवाज आला.

"म्हस पाणी पिती तसं वाटतंय," सरूबाई म्हणाली.

भागूला हसू आलं, पण ते वर येईपर्यंत दमून गेलं. ती सकाळी मंचरहून एसटीनं आली होती, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. हा डबा आता बारदानाशेजारी, तिच्या हाताला लागेल असा ठेवलेला होता. वर लाडू, लाडवांखाली वर्तमानपत्राची घडी, आणि घडीखाली गोळ्यांच्या सहा पट्ट्या.

गोळ्या समृद्धीच्या होत्या. समृद्धी म्हणजे भागूच्या भावाची, संपतची मुलगी, आणि तीन आठवड्यांपूर्वीपासून सरूबाईची सून. सहावीत असताना शाळेत प्रार्थनेच्या रांगेत तिला पहिली फिट आली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळी. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की पोरगी शिकेल, नोकरी करेल, लग्न होईल, लेकरं होतील, काही अडत नाही. फक्त गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही, आणि तीन गोष्टींपाशी एकटं जायचं नाही. चूल, गाडी आणि पाणी.

पोरगी बीएस्सी झाली. तीन वर्षं फिट आली नव्हती. मग स्थळं बघायला सुरुवात झाली, आणि तिथं भागू आली. मंचरला बाजारामागच्या गल्लीत तिचं फॉल-पिकोचं मशीन. बायका साड्या टाकायला येत, आणि साडीबरोबर घरातल्या पोरापोरींच्या पत्रिकाही टाकून जात. भागूनं अकरा लग्नं जमवली होती. दहा टिकली. अकरावं मोडलं त्याचा दोष मुलाच्या दारूवर गेला, भागूवर आला नाही. तिच्या शब्दाला वजन होतं. हे वजन तिनं बारावं लग्न जमवताना, स्वतःच्या भाचीसाठी, पुरतं वापरून टाकलं.

ओतूरला, संपतच्या ओसरीवर बैठक बसली तेव्हा सरूबाईच्या थोरल्या दिरांनी, हौशीरामांनी, चहाची बशी खाली ठेवून विचारलं होतं, "बाकी पोरीला काय आजारपण-बिजारपण?"

संपतनं जमिनीकडं बघितलं. त्याच्या बायकोनं पदर सारखा केला. आणि भागूनं, ठरलं होतं त्याप्रमाणे, हसत हसत म्हटलं होतं, "काही न्हाई हो. सर्दीसुद्धा वर्साला एकदा."

तेवढेच शब्द. ब्लाउजच्या हातशिलाईलासुद्धा जास्त वेळ लागतो.

त्या दिवसापासून भागूला नीट झोप नव्हती. गंमत बघा, ज्या पोरीनं झोप मोडायची नाही ती सासरी आठ वाजेपर्यंत झोपायची, सरूबाई तिला उठवायचीच नाही. आणि जिला काहीच आजार नव्हता ती भागू छताकडं बघत पडायची.

अंदमानचं कळल्यावर तर तिनं फोनवरून हातपाय मारून बघितले. आधी जावयाला म्हणाली, पोरीचा कान लहानपणी फुटलेला, पाण्याचा दाब सोसायचा नाही. सार्थकनं दुसऱ्याच दिवशी बायकोला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कान ठणठणीत निघाले. मग म्हणाली, नव्या नवरीनं वर्षभर खारं पाणी ओलांडू नये असं आमच्यात असतं. "आत्या, मी नेटवर बघितलं, असं कुठंच नाही," तो म्हणाला. शेवटी तिनं भावाला फोन केला. "संपत, सांगून टाक रे जावयाला. समुद्राचं काम हाय."

"आक्का, तुझ्या पाया पडतो," संपत म्हणाला. "तोंड उघडू नको. पोरगी माघारी आली तर गावात जायची जागा राहायची न्हाई. ती हुशार हाय, भीती वाटती म्हणून वरच बसंल होडीत."

"आन् न्हाई बसली तर?"

संपतनं फोन ठेवून दिला नाही. नुसता कानाला धरून बसला. भागूला त्याच्या गोठ्यातल्या पंख्याचा आवाज येत राहिला. मग तिनंच ठेवला.

आता समृद्धी मोटरीच्या खोलीतून बाहेर आली. लेगिंग, वर सार्थकचा टी-शर्ट, त्यावर नारिंगी लाइफ जाकीट. गळ्यात मंगळसूत्र होतं ते तिनं काढून सासूच्या हातात दिलं. सरूबाईनं ते दोन्ही हातांनी, ओंजळ करून घेतलं. भागूनं मान वळवली. हे असं दोन्ही हातांनी घेणं देवाच्या प्रसादाचं असतं, सुनेच्या मंगळसूत्राचं नव्हे. पण या घरात सध्या सून म्हणजे साधी सून राहिली नव्हती.

त्याचं असं झालं होतं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं भैरवनाथाच्या दर्शनाला गेली. लग्नाच्या गडबडीत पोरीला दोन रात्री धड झोप नाही. सकाळपासून उपास. गोळ्यांची पिशवी आईच्या सामानात ओतूरलाच राहिलेली. वर ऊन, आणि कानाशी ढोल. गाभाऱ्यासमोर समृद्धीचे डोळे वर गेले, हाताच्या मुठी वळल्या, आणि ती धाडकन फरशीवर पडली. ढोल थांबला. मग बायकांतून कुणीतरी ओरडलं, "वारं आलं! आई आली अंगात!"

झालं. ढोल दुप्पट जोरानं सुरू झाला. कुणी हळद आणली, कुणी तिचे केस मोकळे केले. भागू लोकांच्या पायांतून घुसली आणि पोरीला कुशीवर वळवून तिचं डोकं मांडीवर धरून बसली. समृद्धीनं डोळे उघडले तेव्हा समोर पन्नास माणसं हात जोडून उभी होती.

तेव्हापासून पेठमधल्या बायका मंगळवार-शुक्रवारी हळदीकुंकू घेऊन यायच्या. हरवलेली शेळी कुठल्या दिशेला गेली, बोअरला पाणी कधी लागेल. एकीनं विचारलं, आई, मला मूल कधी होईल. कंटाळलेली समृद्धी म्हणाली, "डॉक्टरांना दाखवा." बाईनं ती आज्ञा मानली, तपासणीत थायरॉइड निघाला, आणि देवीचा लौकिक पार मंचरपर्यंत गेला. भागूच्या मशीनपाशी साडी टाकायला आलेल्या बाईनंच तिला सांगितलं, "पेठला एक नवी नवरी हाय, लई जागृत." भागूनं दात दाबून दोरा तोडला होता.

समृद्धी उतारावर आली. पायाखालचं प्लास्टिक शेवाळानं निसरडं. सार्थकनं तिच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक वर फेकलं. "आत्या, धरा. उगाच आपलं. जाकीट आहेच."

भागूनं दोर धरला. धरला म्हणजे मनगटाला तीन वेढे दिले.

"अवो, हात कापंल," सरूबाई म्हणाली.

"असू द्या."

समृद्धीनं चष्मा लावला, नळी दातांत धरली आणि सावकाश पाण्यावर पालथी झाली. काळे केस भोवती पसरले. नळीतून आवाज येऊ लागला. सार्थकसारखा फुर्र फुर्र नाही, एकसारखा, लांब, शांत. श्वास आत. श्वास बाहेर. भागूही तिच्याबरोबर श्वास घेऊ लागली. सार्थक मोबाइलवर वेळ बघत होता. "एक मिनिट! दीड! आत्या, माझ्यापेक्षा भारी जमतंय हिला!"

समृद्धीचा एक हात पाण्यात जरासा हलला.

भागूनं दोर ओढला. असा ओढला, की पोरगी नळीसकट उलटी होऊन खोकत उताराला लागली, आणि सार्थक घसरून गळ्यापर्यंत पाण्यात बसला.

"आत्या! काय करताय?"

"हात हलला तिचा."

"पोहायला हात हलवावाच लागतो!" तो हसत सुटला. "आत्यांना अंदमानला न्यायला नको गं समू, माशालाही ओढून काढतील."

समृद्धी हसली नाही. चष्म्याच्या काचेआडून तिनं आत्याकडं बघितलं, आणि कपडे बदलायचं निमित्त करून वर आली. भागू डबा उचलून तिच्या मागोमाग मोटरीच्या खोलीत गेली.

खोलीत ग्रीसचा आणि ओल्या मातीचा वास होता. भागूनं टॉवेल दिला. "गोळ्या घेतेस ना वेळच्या वेळी?"

समृद्धी केस पुसत राहिली.

"समे."

"चुकल्या दोन-चार."

"दोन का चार?"

"पाच." तिनं टॉवेल खाली घेतला. "आत्या, तुला काय माहीत त्या घरात काय चाललंय. पाणी प्यायला उठले तरी कुणीतरी हात जोडून उभं असतं. गोळी कुठं खाऊ? पॅडच्या पुडक्यात लपवलीये. दिवसातून दोनदा पॅडचं पुडकं घेऊन बाथरूमला जाणारी देवी बघितलीस का कुठं?"

भागूनं डबा मोटरीच्या पेटीवर ठेवला. "मग आता ऐक माझं. होडीतच बस. भ्या वाटतं म्हण."

"नाही."

"काय न्हाई?"

"मला खाली जायचंय." समृद्धी हळू बोलत होती, पण ते खूप दिवस मनात घोळलेलं होतं हे कळत होतं. "तू बघितलास का तो व्हिडिओ? खाली कुणी बोलत नाही, आत्या. बोलताच येत नाही. सगळं खुणांनी. बरं असेल तर अशी खूण करायची." तिनं अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला, बाकीची तीन बोटं उभी. "बस, एवढंच. अर्धा तास मला कुणी काही विचारणार नाही. कुणी पाया पडणार नाही, आई ओतूरवरून फोन करणार नाही. सहावीपासून माझ्याबरोबर कुणीतरी असतंच. विहिरीवर नको, चुलीपाशी नको, गाडीवर नको. मी कधी एकटी कुठं खोल गेलेच नाही."

भागूला एकदम पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच हातानं एक ठेवून द्यावीशीही वाटली. "आन् खाली असताना आली म्हंजे? तोंडातली नळी सुटली म्हंजे? बारा मीटर म्हंजे दोन विहिरी होत्यात, बाई माझे."

"तीन वर्षं आली नव्हती."

"तीन आठवड्यांमागं आली."

"ती देवी होती," समृद्धी म्हणाली आणि हसली. तिनं नाक पुसलं. "तू काही बोलायचं नाहीस. पप्पांनी तुला सांगितलंय, मला माहितेय. माझी शपथ आहे तुला."

भागू बाहेर आली तेव्हा तिचे गुडघे दुखत होते. शपथा घेऊन गुडघे दुखतात हे तिला नव्यानं कळलं.

सरूबाईनं जेवण काढलं होतं. बाजरीच्या भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. पोरं अजून तळ्याकडं; सार्थक दोर गुंडाळत होता, समृद्धी पंजे वाळत घालत होती. सरूबाईनं पिशवीतून कांदा काढला, दगडावर ठेवला आणि मुठीनं एका फटक्यात फोडला.

वास वर आला आणि भागूचा हात भाकरीवरच थांबला.

हाच वास. भैरवनाथाच्या देवळात, हळद, कापूर, घाम या सगळ्याच्या वर हा वास होता. ती पोरीचं डोकं मांडीवर धरून बसली होती, आणि कुणाचातरी हात मधे आला होता, मुठीनं फोडलेला कांदा पोरीच्या नाकाशी धरलेला. हिरव्या बांगड्या. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. तेव्हा तिला बघायला भान नव्हतं. आता तोच डाग तिच्यासमोर कांद्याची पाकळी तोडत होता.

आणि "वारं आलं" म्हणून सगळ्यांच्या आधी ओरडणारा आवाज? तोही आता ओळखीचा वाटू लागला.

"विहीणबाई," भागू म्हणाली, "देवीला कुणी कांदा हुंगवत न्हाई."

सरूबाईनं घास चावला, गिळला, पाणी प्यायलं. मग म्हणाली, "न्हाई हुंगवत."

वारा पडला होता. तळ्यावर एक चिमणी प्लास्टिकच्या कडेला उतरायचा प्रयत्न करून परत उडाली.

"माझ्या धाकल्या भनीला हुंगवायचो," सरूबाई म्हणाली. "तानूला. आकडी यायची तिला. चौदा वर्साची व्हती. धुणं घेऊन हिरीवर गेली ती गेलीच. गाव म्हनलं, पाण्यातल्या साती आसरांनी वढून नेली. आमच्या आय-बानंबी तेच धरून ठेवलं. आसरांनी नेली म्हनलं की मागच्या भनींची लग्नं अडत न्हाईत. आकडी म्हनलं की अडत्यात. हिरीवर अजून सात दगडं हायेत शेंदराची. दर आवसंला नारळ फोडत्यात. माझ्या भनीच्या नावचा एकबी न्हाई त्यात."

भागूनं हातातली भाकरी ताटात ठेवली. "म्हणून वरडला तुमी?"

"पन्नास माणूस बघत व्हतं. आमचे थोरले भावजी म्होरंच हुबे. काय वरडू मग? देवीची सून नांदती, आकडीची माघारी जाती." तिनं भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला आणि तसाच ताटात ठेवून दिला. "आन् तुमचा लाडवाचा डबा. त्याला दोन तळं असत्यात, ठावं हाय मला. मागच्या टायमाला कागद म्याच उचलून बघितला, परत व्हता तसा घातला. पोरगी आठला उठती तर उठवत न्हाई मी. का उठवत न्हाई?"

भागूला वाटत आलं होतं, की सून म्हणजे देवी म्हणून उठवत नाही. तिनं कपाळाला हात लावला. किती दिवस दोघी एकाच डब्याच्या दोन बाजूंना बसून लपवाछपवी खेळत होत्या.

"मग पोराला सांगा की," ती म्हणाली. "परवा जायचंय त्यास्नी."

"मी?" सरूबाईनं तळ्याकडं बघितलं. "माझ्या तोंडातनं निघालं तर सासूनं सुनंची खोट काढली व्हईल. वर पोरगं म्हनंल, तुला ठावं व्हतं तर देवीचं ढोंग कशापायी केलं. तुमी सांगा. तुमची पोरगी."

"मला भावानं बांधलंय. पोरीनं शपथ घातलीय."

"मंग बसा."

"बसलेच हाय."

दोघी बसल्या. दोघीही दमलेल्या, दोघींच्या ताटात कांदा तसाच. भागूच्या मनात येऊन गेलं, हिच्याशी आपलं चांगलं जमलं असतं. फार चांगलं. नाटक करायची गरज नसती तर.

सार्थक मोबाइल पुसत आला, मागून समृद्धी. "आई, वाढ लवकर. चार वाजेपर्यंत फॉर्म पाठवायचाय त्या डायव्हिंगवाल्यांना. त्याशिवाय बुकिंग पक्कं करत नाहीत." तो बांधावर मांडी घालून बसला. "काही नाही, तब्येतीचे प्रश्न आहेत. माझा सकाळी भरला. आता समूचा."

"मी भरते," समृद्धी हात पुढं करत म्हणाली.

"अगं, झालंच. एक जरी 'हो' लिहिलं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात, मग लटकलं सगळं. म्हणून सरसकट 'नाही' मारत सुटायचं." त्यानं स्क्रीनवर अंगठा टेकला आणि रेशनच्या रांगेत नावं पुकारावीत तसं मोठ्यानं वाचायला लागला. "दमा? नाही. हृदयाचा त्रास? नाही. कानाचं ऑपरेशन? नाही, ते तर आपण दाखवून आलो. गरोदर?" त्यानं डोळा मारला. "नाही. सध्या तरी."

"मेल्या, आई बसलीय हितं," सरूबाई म्हणाली. पण आवाजात दम नव्हता.

"मधुमेह? नाही. पाठीचं दुखणं? नाही. पुढचा..." त्यानं डोळे बारीक केले. "फिट, आकडी, झटके, शुद्ध हरपणे. लहानपणापासून आजवर कधीही."

सरूबाईचा हात बारदानावरून सरकत आला आणि भागूच्या गुडघ्यावर बसला. कांद्याच्या वासाचा, भाजल्याच्या डागाचा हात. तो ढकलत नव्हता की थोपवत नव्हता. नुसता जड होता.

भागूनं समोर बघितलं. समृद्धी नवऱ्याच्या पाठीमागं उभी होती. केसांतून अजून पाणी ठिबकत होतं. ती आत्याकडंच बघत होती, आणि तिनं हात छातीपाशी उचलून अंगठा आणि बोट जुळवलं होतं. गोल. बाकीची तीन बोटं उभी. सगळं ठीक आहे, आत्या. सगळं ठीक.

किती दिवस सगळे हेच करत होते. संपत जमिनीकडं बघून, वहिनी पदर सारखा करून, सरूबाई देवी आणून, पोरगी पॅडच्या पुडक्यात लपवून. आणि आपण? आपण तर ओसरीवर मोठ्यानं, हसत हसत केलं. ज्या तोंडानं तो 'नाही' पहिल्यांदा बाहेर पडला ते तोंड हेच. त्या 'नाही'वरूनच पुढचे सगळे 'नाही' टाके घालत आले होते, आणि आता एक शेवटचा टाका या पोराच्या अंगठ्याखाली होता. तो पडला की पोरगी बारा मीटर खाली. तिथं कुणी कांदा फोडून धरणार नव्हतं.

भागूच्या मनगटावर मघाच्या दोराचे तीन लाल वळ उठले होते. तिनं त्यांच्यावरून एकदा हात फिरवला.

"फिट," सार्थक म्हणाला. "नाही." आणि अंगठा खाली आणला.

"थांबा, जावईबापू." भागूनं पुढं वाकून त्याचं मनगट धरलं. समृद्धीचा हात खाली आला. पोरीच्या तोंडाकडं बघितलं तर आपल्याच्यानं व्हायचं नाही, म्हणून भागू सार्थकच्याच डोळ्यांत बघत राहिली. "तिथं 'हो' लिवा. समृद्धीला फिट येती. सहावीपास्नं येती, गोळ्या चालू हायेत, या लाडवाच्या खाली हायेत. देवळात आली ती देवी नव्हं, फिटच व्हती. आन् तुमच्या माणसांनी ओसरीवर इचारलं तवा 'न्हाई' म्हनली ती मी."